चालू सर्व्हरवर पीएफ फायरवॉलचे नियम सुरक्षितपणे कसे बदलावेत

दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरचे फायरवॉल नियम बदलताना नवख्या प्रशासकाच्या मनात एकच धास्ती असते: एखादी ओळ चुकली, तर त्या सर्व्हरकडे जाणारी वाट आपल्याच हाताने बंद होईल. धास्ती रास्त आहे. मात्र ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या प्रणालींतील पीएफ, म्हणजे पॅकेट फिल्टर, या फायरवॉलची घडण अशी आहे की हे काम ठरावीक क्रमाने केल्यास वाट बंद होण्याची शक्यता फारच थोडी उरते, आणि झालीच तरी ती काही मिनिटांत आपोआप उघडेल अशी तजवीज करता येते. या लेखात तो क्रम दिला आहे आणि त्यामागची कारणेही विस्ताराने सांगितली आहेत, कारण नुसत्या आज्ञा पाठ केलेला प्रशासक परिस्थिती थोडी वेगळी असली की अडतो.

पीएफ हे डॅनियल हार्टमायर यांनी २००१ मध्ये ओपनबीएसडीसाठी लिहिले. त्याआधी त्या प्रणालीत आयपीफिल्टर ही फायरवॉल होती, परंतु परवान्याच्या वादामुळे ती काढून टाकावी लागली आणि डिसेंबर २००१ मध्ये आलेल्या ओपनबीएसडी ३.० पासून तिची जागा पीएफने घेतली. पुढे फ्रीबीएसडीनेही पीएफ स्वीकारले. दोन्हीकडील नियम लिहिण्याची पद्धत मात्र आज एकसारखी नाही. ओपनबीएसडी ४.७ मध्ये, २०१० साली, पत्तांतराच्या म्हणजे नॅटच्या नियमांची मांडणीच बदलली, म्हणून एका प्रणालीची फाइल दुसऱ्या प्रणालीवर जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरू नये. या लेखातील पायऱ्या दोन्हीकडे लागू आहेत. जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे.

आज्ञांविषयी एक सूचना. येथे त्या देवनागरीत लिहिल्या असल्या तरी कळफलकावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत, आणि ‘मोठे’ असे स्पष्ट म्हटले नसेल तेथे प्रत्येक अक्षर लहान लिपीतील समजावे. हा भेद नाममात्र नाही. पीएफचे नियम हाताळणाऱ्या पीएफसीटीएल या आज्ञेत लहान ‘एफ’ म्हणजे फाइल लोड करणे आणि मोठा ‘एफ’ म्हणजे कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, मजकूर पुसून टाकणे. एका शिफ्ट कळीने अर्थ नेमका उलटा होतो.

कर्नलच्या आत काय घडते

नियमांची फाइल म्हणजे /ईटीसी/पीएफ.कॉन्फ. ही फाइल कर्नल स्वतः कधीच वाचत नाही. ती पीएफसीटीएल वाचते, तिच्यातील मॅक्रो (मूल्यांना दिलेली नावे) आणि कंसांतील याद्या उलगडून सुटे नियम तयार करते, आणि /डेव्ह/पीएफ या उपकरणामार्फत ते कर्नलकडे पोहोचवते. फाइल बदलली म्हणून फायरवॉल बदलत नाही, आणि कर्नलमध्ये जे चालू आहे तेच फाइलीत असेल याचीही खात्री नसते. हे दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत आणि त्यांचा मेळ घालणे ही प्रशासकाची जबाबदारी आहे.

कर्नलमध्ये प्रत्येक नियमसंचाला दोन जागा असतात, एक सक्रिय आणि एक निष्क्रिय. रीलोड, म्हणजे नियम पुन्हा लोड करणे, सुरू झाले की कर्नल निष्क्रिय जागा रिकामी करून पीएफसीटीएलला एक तिकीट क्रमांक देते, त्या तिकिटावर नवे नियम एकामागून एक निष्क्रिय जागेत भरले जातात, आणि सर्व नियम नीट पोहोचल्यावर शेवटच्या एका सूचनेने दोन्ही जागांची अदलाबदल होते. त्यामुळे येणारे प्रत्येक पॅकेट एक तर पूर्ण जुन्या संचातून जाते किंवा पूर्ण नव्या संचातून. अर्धे जुने आणि अर्धे नवे नियम असा क्षण येत नाही. मध्येच चूक आढळली तर निष्क्रिय जागेतील अर्धवट संच टाकून दिला जातो आणि जुने नियम जसेच्या तसे चालू राहतात. एकाच वेळी दोन प्रशासकांनी, किंवा एक प्रशासक आणि एखाद्या स्वयंचलित स्क्रिप्टने, नियम लोड करायला घेतले, तर आधीच्याचे तिकीट बाद ठरते आणि त्याला ‘डिव्हाइस बिझी’ असा संदेश मिळतो. हा संदेश दिसला तर पुन्हा आज्ञा देण्याआधी दुसरे कोण काम करत आहे ते शोधावे.

ही झाली पहिली हमी. दुसरी हमी स्टेट टेबलाची आहे, आणि नवख्यांची फसगत बहुतेक वेळा येथे होते. एखाद्या नियमाने कनेक्शनला परवानगी दिली की पीएफ त्या कनेक्शनची नोंद स्टेट टेबलात करते आणि त्यानंतरची पॅकेट नियम न तपासता त्या नोंदीच्या आधारे सोडते. रीलोडमध्ये या नोंदींना हात लागत नाही. ज्या जुन्या नियमाने नोंद तयार झाली तो नियम संचातून गेला तरी शेवटची नोंद संपेपर्यंत कर्नल त्याला स्मृतीत ठेवते. याचा एक चांगला परिणाम असा की रीलोडमुळे कुणाचेही चालू काम तुटत नाही. दुसरा परिणाम असा की तुमचे स्वतःचे एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉग इन करण्याचे) कनेक्शनही जुन्या नोंदीवर चालत राहते, मग नव्या नियमांनी एसएसएचचे दार पूर्ण बंद केलेले असले तरीही. समोरचे टर्मिनल प्रतिसाद देत आहे म्हणजे नियम बरोबर आहेत, असा निष्कर्ष काढण्यासारखी धोक्याची गोष्ट या कामात दुसरी नाही. प्रस्थापित टीसीपी कनेक्शनची नोंद नेमस्त (डिफॉल्ट) मांडणीत, काहीही वाहतूक नसली तरी, ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, टिकू शकते; त्यामुळे चूक लक्षात येते ती बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, नव्याने लॉग इन करताना.

पायरी पहिली: मूळ फाइलीला हात लावू नये

चालू फाइलीची प्रत काढून त्या प्रतीत बदल करावेत. प्रतीचे नाव /ईटीसी/पीएफ.कॉन्फ.न्यू असे ठेवले आहे असे धरू. अनेक ठिकाणी जुन्या फाइलीची प्रत बाजूला ठेवून मूळ फाइल बदलण्याचा सल्ला दिला जातो; माझ्या मते उलटी पद्धत अधिक सुरक्षित आहे. मूळ फाइल चाचणी पूर्ण होईपर्यंत जुनीच राहिली, तर वाट बंद झालीच तरी सर्व्हर रीबूट केल्यावर जुने, चालणारे नियम परत येतात. डेटा सेंटरमधल्या माणसाला फोनवरून नियम दुरुस्त करायला सांगता येत नाही, पण यंत्र रीबूट करायला सांगता येते.

बदल करताना एसएसएचचा नियम कोठे आहे याकडे विशेष लक्ष द्यावे. पीएफमध्ये पॅकेटला लागू पडणारा शेवटचा नियम निर्णायक ठरतो. ‘क्विक’ हा शब्द असलेला नियम लागू पडला तर मात्र तपासणी तेथेच थांबते. त्यामुळे वर एसएसएचला परवानगी देऊन खाली कोणी सर्वसाधारण ‘ब्लॉक’ नियम वाढवला, तर परवानगी निष्फळ होते. प्रशासनाच्या पत्त्यांवरून येणाऱ्या एसएसएचसाठी फाइलीच्या वरच्या भागातच एक ‘पास इन क्विक’ नियम ठेवावा आणि त्याला फारसे कारण नसताना हलवू नये.

नियमांत यजमानांची नावे न वापरता आयपी पत्ते लिहावेत. नाव लिहिले तर त्याचा पत्ता लोड होतानाच शोधला जातो; बूट होताना नामसेवा (डीएनएस) उपलब्ध नसेल तर पूर्ण फाइलच लोड होत नाही. इंटरफेसला, म्हणजे यंत्राच्या जाळे-जोडणीला, पत्ता डीएचसीपीने (आपोआप) मिळत असेल तर नियमात इंटरफेसचे नाव गोल कंसात लिहावे, म्हणजे पत्ता बदलला की कर्नल तो स्वतःच अद्ययावत करते. कंस नसेल तर लोड करतानाचा पत्ता नियमात कायमचा बसतो.

पायरी दुसरी: लोड न करता तपासणी

पीएफसीटीएल -एन -व्ही -एफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ.न्यू

यातील ‘एन’ मुळे फाइल फक्त वाचली जाते, कर्नलमध्ये काहीही बदलत नाही. ‘व्ही’ मुळे उलगडलेले नियम पडद्यावर दिसतात. ते शांतपणे वाचावेत. फाइलीत एका ओळीत लिहिलेली यादी किती नियमांत फुटली, नकारार्थी पत्ता यादीत घातल्यामुळे अर्थ उलटला का, हे येथेच कळते. यादीत दोन नकारार्थी पत्ते लिहिले तर त्यांतून दोन स्वतंत्र नियम तयार होतात आणि दोन्ही मिळून सगळेच पत्ते पकडले जातात. अशा जागी यादीऐवजी टेबल, म्हणजे नाव दिलेला पत्त्यांचा संच, वापरावे.

ही तपासणी व्याकरणाची आहे, आशयाची नाही. ‘ऑन’ पुढे इंटरफेसचे नाव चुकीचे लिहिले तरी पीएफ तक्रार करत नाही, कारण तो इंटरफेस पुढे केव्हातरी निर्माण होईल अशी मुभा त्यात आहे. त्यामुळे ‘ईएम०’ ऐवजी ‘ईएम१’ लिहिले गेले तर तपासणी यशस्वी होते आणि नियम कधीच लागू पडत नाही. कर्नलच्या स्मृतीची मर्यादा पुरेल की नाही हेही या तपासणीत कळत नाही.

पायरी तिसरी: परतीची तजवीज

नवे नियम लोड करण्यापूर्वी, ठरावीक वेळाने जुने नियम आपोआप परत येतील अशी व्यवस्था करावी. सर्व्हरवर टीमक्स हा अनेक खिडक्यांचे टर्मिनल देणारा कार्यक्रम सुरू करून त्याच्या एका खिडकीत ही आज्ञा द्यावी:

स्लीप ३०० && पीएफसीटीएल -एफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ

पाच मिनिटांत तुम्ही ती थांबवली नाही, तर मूळ फाइल पुन्हा लोड होते. टीमक्समध्ये असल्यामुळे तुमचे कनेक्शन तुटले तरी ती सर्व्हरवर चालूच राहते. दोन आज्ञांमध्ये अर्धविराम न देता दोन अँपरसँड द्यावेत, म्हणजे कंट्रोल-सी दाबून स्लीप थांबवल्यावर पुढची आज्ञा चालण्याचा प्रश्नच उरत नाही. टीमक्स ओपनबीएसडीसोबत येते. फ्रीबीएसडीवर ते वेगळे बसवावे लागते. यासाठी ठरावीक वेळी काम चालवणारी ‘ॲट’ ही आज्ञाही वापरता येते, परंतु फ्रीबीएसडीवर ॲटची कामे नेमस्त मांडणीत दर पाच मिनिटांनी तपासली जातात, म्हणून ठरवलेल्या वेळेपेक्षा उशीर होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

जुने कनेक्शन नोंदीवर चालू राहणारच असेल, तर ही तजवीज कशाला, असे कोणी विचारेल. नोंद नेहमीच असते असे नाही. ज्या इंटरफेसवर ‘सेट स्किप’ लावलेले आहे तेथे पीएफ काही पाहत नाही आणि नोंदही ठेवत नाही. नव्या फाइलीत ती ओळ राहून गेली, तर त्या वाटेने चाललेले कनेक्शन मध्यातच अडते. ‘नो स्टेट’ असलेल्या, म्हणजे नोंद न ठेवणाऱ्या, नियमाचेही तसेच. शिवाय पाच मिनिटांच्या त्या अवधीत तुमच्याच घरचे इंटरनेट बंद पडू शकते.

पीएफ त्या यंत्रावर पहिल्यांदाच सुरू करत असाल तर अधिक जपावे. सुरू होण्याच्या क्षणी तुमच्या चालू एसएसएच कनेक्शनची कोणतीही नोंद नसते, आणि टीसीपीचे ‘पास’ नियम नेमस्त मांडणीत फक्त कनेक्शनच्या पहिल्या, सिन पॅकेटलाच लागू पडतात. म्हणून नियम बरोबर असूनही सर्वसाधारण ‘ब्लॉक’ नियमामुळे समोरचे टर्मिनल गोठते. घाबरून जाऊ नये. नवे कनेक्शन जोडून पाहावे. या पहिल्या वेळी परतीच्या आज्ञेत मूळ फाइल लोड करण्याऐवजी ‘पीएफसीटीएल -डी’ लिहावे, म्हणजे पीएफ बंद होईल.

पायरी चौथी: लोड करणे

पीएफसीटीएल -एफ /ईटीसी/पीएफ.कॉन्फ.न्यू

एवढेच. याआधी काहीही पुसू नये. ‘मोठा एफ ऑल’ आणि मग लहान ‘एफ’ अशी जोडआज्ञा अनेकांच्या बोटांत बसलेली असते, आणि ती सोडायलाच हवी. पुसणे आधी होते आणि लोड करणे नंतर. म्हणजे कर्नलने दिलेली अदलाबदलीची हमी आपण स्वतःच फेकून देतो. मधल्या क्षणी नियमसंच रिकामा असतो, आणि नियम नसलेले पीएफ सर्व पॅकेट सोडते. त्यातच नव्या फाइलीत व्याकरणाची चूक निघाली तर नवे नियम येत नाहीत, जुने तर आधीच गेलेले असतात, आणि सर्व्हर उघडा पडतो. शिवाय ‘ऑल’ मध्ये स्टेट टेबलही पुसले जाते, त्यामुळे सर्व वापरकर्त्यांची चालू कनेक्शने तुटतात.

फ्रीबीएसडीवर पीएफ सेवा म्हणून चालवणाऱ्यांनी ‘सर्व्हिस पीएफ रीलोड’ वापरावे. ते आधी फाइल तपासते आणि मगच लोड करते. ‘सर्व्हिस पीएफ रीस्टार्ट’ मात्र पीएफ थांबवून, सारे पुसून, नव्याने सुरू करते. नियम बदलण्यासाठी रीस्टार्टची गरज कधीच नसते. रीलोड नेहमीची /ईटीसी/पीएफ.कॉन्फ फाइल वाचते हे विसरू नये. आपली चाचणीची प्रत लोड करण्यासाठी वरचीच आज्ञा हवी.

‘सेट’ ने सुरू होणारे पर्याय फाइलीत राहून गेले तर लोड करताना ते आपल्या नेमस्त मूल्यावर परत जातात. एखादा पर्याय पूर्वी कोणी आज्ञापटलावरून ‘-एम’ देऊन जोडला असेल आणि फाइलीत नोंदवला नसेल, तर तो येथे निमूट नाहीसा होतो. लोड करताना लोड न झाल्याचा संदेश आला, तर जुने नियम चालू आहेत असे समजून शांतपणे संदेश वाचावा.

पायरी पाचवी: नव्या कनेक्शनने चाचणी

जुने टर्मिनल उघडे ठेवून, दुसऱ्या खिडकीतून सर्व्हरला संपूर्ण नवे एसएसएच कनेक्शन जोडावे. एसएसएच क्लायंटमध्ये एकाच कनेक्शनवर अनेक सत्रे चालवण्याची सोय सुरू असेल तर ती या चाचणीपुरती बंद करावी, नाहीतर ‘नवे’ सत्र जुन्याच नोंदीवरून जाईल. त्यानंतर सर्व्हर ज्या सेवांसाठी आहे त्या प्रत्येकीला बाहेरून एकदा स्पर्श करून पाहावा: वेब, टपाल, नामसेवा, जे असेल ते. सर्व्हरमधून बाहेर जाणारी वाटही तपासावी. नामसेवेची बाहेरची वाट अडल्यास बाकी सारे ठीक असूनही सेवा कुंथत चालतात आणि कारण लवकर सापडत नाही. आयपीव्ही६ वापरात असेल तर त्याची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.

दरम्यान ‘पीएफसीटीएल -व्ही -एस रूल्स’ चालवून प्रत्येक नियमाखालचे आकडे पाहावेत. एखाद्या नियमापुढे तपासणीचा आकडा वाढतो आहे पण पॅकेटांचा शून्यच आहे, तर पत्ता, पोर्ट किंवा इंटरफेस चुकला असण्याची शक्यता आहे. रीलोडनंतर हे आकडे शून्यापासून सुरू होतात. फ्रीबीएसडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘सेट कीपकाउंटर्स’ लिहून ते राखता येतात. ज्या ‘ब्लॉक’ नियमांत ‘लॉग’ शब्द आहे, त्यांनी अडवलेली पॅकेट पीएफलॉग० या इंटरफेसवर टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या आज्ञेने पाहता येतात, आणि त्याला ‘-ई’ दिल्यास कोणत्या क्रमांकाच्या नियमाने पॅकेट अडले तेही दिसते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हा पुरावा पाहणे केव्हाही चांगले.

सर्व ठीक असेल तरच टीमक्सच्या खिडकीत कंट्रोल-सी दाबावे, आणि त्यानंतर जुनी फाइल तारीख घालून बाजूला ठेवून नवी प्रत /ईटीसी/पीएफ.कॉन्फ या नावाने बसवावी. ही शेवटची हालचाल राहून गेली तर पुढच्या रीबूटला जुने नियम परत येतील.

जुन्या नोंदींचे काय करावे

बदल एखाद्या पत्त्याला रोखण्यासाठी केलेला असेल, तर रीलोड पुरेसे नाही. तो पत्ता आधीपासून जोडलेला असल्यास त्याचे कनेक्शन नोंदीवर चालूच राहील. २०३.०.११३.५ या पत्त्याची कनेक्शने तोडायची असतील तर:

पीएफसीटीएल -के २०३.०.११३.५

याने त्या पत्त्यावरून सुरू झालेल्या नोंदी जातात. त्या पत्त्याकडे गेलेल्या नोंदींसाठी ‘-के ०.०.०.०/० -के २०३.०.११३.५’ असे दोनदा लिहावे. पत्तांतराचा नियम बदलला असेल तेव्हाही हेच: चालू कनेक्शने जुन्याच पत्तांतराने जात राहतात. या कामासाठी संपूर्ण स्टेट टेबल पुसण्याचा मोह टाळावा.

टेबले आणि अँकर

एक-दोन पत्ते वाढवण्यासाठी रीलोड करूच नये. ‘पीएफसीटीएल -टी’ पुढे टेबलाचे नाव, त्यापुढे मोठा ‘टी’ आणि ‘ॲड’ असे लिहून पत्ता थेट कर्नलमधील टेबलात घालता येतो; ‘ॲड’ च्या जागी ‘रिप्लेस’ लिहून ‘-एफ’ ने फाइल दिली तर पूर्ण टेबल बदलते. असे घातलेले पत्ते रीलोडनंतर राहतात की जातात, हे फाइलीतील व्याख्येवर ठरते. टेबलापुढे नुसते ‘पर्सिस्ट’ असेल तर मजकूर राहतो. महिरपी कंस रिकामे लिहिले असतील तर प्रत्येक लोडला टेबल रिकामे होते. कंस लिहावेत की नाही ही शोभेची बाब नाही.

मोठी टेबले असतील तर आणखी एक अडचण येते. अदलाबदल होईपर्यंत जुने आणि नवे टेबल दोन्ही कर्नलच्या स्मृतीत असावे लागतात, म्हणून पत्त्यांची नेमस्त मर्यादा २,००,००० असताना सव्वा लाख पत्त्यांचे टेबल पहिल्यांदा व्यवस्थित लोड होते आणि रीलोडच्या वेळी मात्र ‘कॅनॉट ॲलोकेट मेमरी’ असा संदेश येतो. ‘सेट लिमिट टेबल-एंट्रीज’ ही मर्यादा एकूण पत्त्यांच्या दुपटीहून थोडी अधिक ठेवावी.

एफटीपी-प्रॉक्सी किंवा ऑथपीएफसारखे कार्यक्रम आपले नियम अँकरमध्ये, म्हणजे मुख्य संचाला जोडलेल्या उपसंचात, ठेवतात. मुख्य फाइल रीलोड केल्याने त्यांतील नियम पुसले जात नाहीत, परंतु मुख्य फाइलीतील अँकरची ओळ चुकून गेली तर ते नियम कर्नलमध्ये असूनही कोणी तपासत नाही. ‘पीएफसीटीएल -एस’ नंतर मोठ्या ‘ए’ ने ‘अँकर्स’ लिहिले की कोणते अँकर आहेत ते दिसते.

रीबूट आणि जोडीचे सर्व्हर

ओपनबीएसडी बूट होताना, जाळे सुरू करण्याआधी, एक तात्पुरता आखूड नियमसंच लोड करते, ज्यात बहुतेक वाहतूक बंद आणि एसएसएच उघडे असते. मुख्य फाइल लोड झाली नाही तर तोच संच राहतो, म्हणून दुरुस्तीसाठी आत शिरता येते. तरीही मोठ्या बदलानंतर सोयीच्या वेळी एकदा रीबूट करून पाहावे. बूटच्या वेळी नसलेला इंटरफेस किंवा न सापडणारे नाव यांसारखे दोष फक्त तेव्हाच उघडे पडतात.

पीएफसिंकने, म्हणजे स्टेट टेबलाच्या नोंदी एकमेकांना कळवणाऱ्या सोयीने, जोडलेले दोन फायरवॉल असतील तर बदल आधी राखीव यंत्रावर करावा, तेथे वरील सर्व चाचण्या घ्याव्यात आणि मगच मुख्य यंत्राकडे वळावे. दोन्हींवरील नियम नेमके सारखे असतील तरच एकाकडून आलेली नोंद दुसऱ्याकडे योग्य नियमाशी जोडली जाते. ‘पीएफसीटीएल -व्ही -एस इन्फो’ मध्ये नियमसंचाचा चेकसम (नियमांवरून काढलेला ओळखअंक) दिसतो. दोन्ही यंत्रांवरचा चेकसम जुळेपर्यंत काम पूर्ण झाले असे धरू नये. आणि सुरक्षेसाठी प्रणालीची सिक्युअरलेव्हल, म्हणजे कर्नलची सुरक्षापातळी, वाढवलेली असेल, ओपनबीएसडीवर २ किंवा फ्रीबीएसडीवर ३, तर चालू यंत्रावर नियम बदलताच येत नाहीत. अशा यंत्रावर फाइल दुसरीकडे तपासून घेऊन ती बसवावी आणि रीबूटची वेळ आधीच ठरवून घ्यावी.